गुडब्रांडची बादली

आमच्या गुडब्रांडला कुणी वाईट म्हटलेलं चालायचं, त्याच्या माशाला म्हटलेलं चालायचं नाही.

गुडब्रांड माझा थोरला भाऊ. मी बोर्गहिल्ड. त्याच्याच शेतावर, अंगणाच्या पलीकडे जे धाकटं घर आहे, त्यात मी राहते. लग्न केलं नाही. गावच्या वृद्धाश्रमात रांधण्यात जन्म गेला, आणि आता माझंच वय तिथे जाऊन बसण्याचं झालं आहे. थोरल्या घरात खाली गुडब्रांड राहतो, वरच्या मजल्यावर त्याचा मुलगा हाल्वर आणि सून योरुन. माझी वहिनी ओस्ने जाऊन बरीच वर्षं झाली.

तर मासा. ऑगस्ट सरता सरता गुडब्रांड डोंगरावरच्या तळ्यावर जायचा, जाळी टाकायचा आणि ट्राउट घेऊन यायचा. मग दोन दिवस अंगणात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पोट फाडायचं, आतडी काढायची आणि कण्याला चिकटलेलं रक्त दात घासायच्या ब्रशने खरवडायचं, टिपूससुद्धा राहता कामा नये. मासा गवताला लागला की तो कोल्ह्याला. मग बादलीत पोट वर करून एकाला लागून एक मासे लावायचे, वर मीठ, चिमूटभर साखर, झाकण आणि झाकणावर धोंडा. बादली तळघरात. मासा आपलाच खार सोडतो आणि त्या खारात मुरत पडतो, लोणच्यासारखा. राकफिस्क म्हणतात त्याला. नोव्हेंबरात उघडतात. शिजवायचा नाही, भाजायचा नाही, तसाच कच्चा खायचा, बटाट्याच्या मऊ पोळीत गुंडाळून, वर कांदा आणि आंबट साय. वास असा की पाहुणा खिडकी शोधतो.

आमच्या खोऱ्यात घरोघरी बादल्या असतात, पण गुडब्रांडच्या बादलीचं नाव होतं. चर्चमधल्या पाद्रीबाईसुद्धा नोव्हेंबर लागला की आमच्याकडे ख्यालीखुशाली विचारायला यायच्या. एरवी आमची ख्याली आणि खुशाली त्यांना आठवायची नाही.

घरची रीत अशी, की ज्याने बादली भरली त्याने पहिला मासा चिरायचा आणि पोटाकडचा, सगळ्यांत मऊ तुकडा स्वतःच्या हाताने घरच्या बाईला द्यायचा. आमच्या वडिलांनी आईला दिला. गुडब्रांडने ओस्नेला दिला. ओस्ने गेल्यावर तो मान योरुनकडे आला. योरुन समुद्रकाठची, ताज्या माशावर वाढलेली. पहिल्या वर्षी तिने डोळ्यांत पाणी आणून तो तुकडा गिळला होता. गुडब्रांड इतका खूश झाला की तिला त्याने आक्वाविट दारूचा पेला दोनदा भरून दिला. पुढे तिलाही चव लागली.

योरुनला चाळिशी जवळ आल्यावर दिवस गेले. त्याआधी एकदा गेले होते, पण तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. म्हणून या खेपेला ती पाऊलसुद्धा जपून टाकायची. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, मला नीट खायचंय. तू सांगशील ते खाईन. पण काय खायचं ते तू सांग, मला स्वतःचा भरवसा राहिला नाही."

"वृद्धाश्रमातलं जेवण गं माझं," मी म्हटलं. "दात नसलेल्यांचं."

"चालेल. बाळालाही कुठे दात आहेत."

मग मी तिचं रांधायला लागले. सकाळी ओटची लापशी आणि कॉड माशाच्या तेलाचा चमचा, नाक दाबून. दुपारी राय धान्याचा काळा पाव, कडक उकडलेलं अंडं, गाजर, तपकिरी चीज. संध्याकाळी मासा, पण वाफवून असा की काटा नुसता टेकवला तरी पाकळ्या सुटाव्यात. योरुन ताट चाटूनपुसून साफ करायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी मरणाच्या वाटेवरच्या लोकांना भरवलं होतं. येणाऱ्याला भरवायची ही पहिलीच वेळ.

गुडब्रांडही खूश होता. जिन्यावरून उतरताना ती दिसली की म्हणायचा, "खा पोरी, दोघांचं खा."

सप्टेंबर लागता लागता त्याने बादली भरली, नेहमीपेक्षा मोठी. रात्रीच्या जेवणाला हात चोळत म्हणाला, "यंदा पोटाकडचे तुकडे सगळे योरुनचे. जानेवारीत पोर बाहेर येईल ते खारातून निघाल्यासारखं टणक."

योरुनने काटा खाली ठेवला. "गुडब्रांड, यंदा मला नको. आरोग्य केंद्रातल्या सुईणबाई म्हणाल्या, पोटात मूल असताना कच्चा मासा खायचा नाही."

"कच्चा कुठे आहे? मुरलेला आहे."

"मुरलेलाही नाही. त्यांनी राकफिस्कचं नाव घेऊन सांगितलं."

"कुठली आहे ही बाई?"

"ऑस्लोची."

"मग बरोबर," गुडब्रांड म्हणाला. "तिकडे मासा कागदात जन्माला येतो." हाल्वर हसला, मी हसले. योरुनही थोडं हसली, पण काटा तिने उचलला नाही. ते पाहून गुडब्रांडचा चेहरा बदलला. "म्हणजे माझे हात घाण आहेत, असंच ना?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"हाल्वरच्या वेळी ओस्नेनं अख्खा हिवाळा खाल्ला. हा बघ समोर बसलाय. याला काय झालं?"

हाल्वरला काही झालं नव्हतं हे खरं. सहा फुटांचा गडी, लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवतो. फक्त बापासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो बटाटा सोलत राहिला.

पण ओस्नेला तीन मुलं झाली होती. जगला तो हाल्वर.

पहिली मुलगी. एका जानेवारीत, पूर्ण दिवसांची, मेलेलीच जन्मली. त्या काळी इस्पितळात आईला असं मूल दाखवत नसत. वरच्या शेतावरची एक म्हातारी त्याच आठवड्यात वारली होती, तिच्या शवपेटीत पायांशी आमची पोर ठेवून दिली. दगडावर नाव त्या म्हातारीचं. नंतर हाल्वर झाला. मग एका फेब्रुवारीत मुलगा, तोही तसाच. त्याच्यासाठी गुडब्रांडने स्वतः फळ्या तासून पेटी केली.

कारण काय, तर पहिल्या वेळी ओस्नेने बर्फावरून दुधाचे कॅन वाहिले होते, आणि दुसऱ्या वेळी अडलेल्या गाईचं वासरू ओढलं होतं. डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, आमच्या आम्हीच ठरवलं. "नको उचलू म्हटलं होतं मी तिला," एवढंच गुडब्रांड म्हणायचा. रागाने नाही. पण म्हणायचा. आणि ओस्ने भांडी घासता घासता मला म्हणायची, "ऐकलं असतं तर बरं झालं असतं गं बोर्गा." केस पिकले तरी म्हणायची. शेवटच्या आजारात शुद्ध हरपत होती तेव्हाही ती त्या कॅनबद्दल बोलत होती. मी तिचा हात धरून बसले होते, मला ठाऊक आहे.

ऑक्टोबरात रस्ता निसरडा झाला होता आणि हाल्वर ट्रक घेऊन लांब गेला होता, म्हणून योरुनबरोबर तपासणीला मी गेले. सुईणबाईंचं नाव वेन्के. पोरसवदा बाई, नाकात खडा. योरुनचं पोट चाचपून झाल्यावर, बाळाचे ठोके ऐकवून झाल्यावर, मी आपली खुर्चीत बसून म्हटलं, "बाई, आमच्या घरी माशावरून महाभारत चाललंय. माझा भाऊ इतका स्वच्छ आहे की त्याच्या माशाला देवाचा हातही लागत नाही. मग भीती कशाची?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "स्वच्छतेचा प्रश्नच नाही. लिस्टेरिया म्हणून एक जंतू आहे. तो पाण्यात असतो, मातीत असतो, सुरीवरही असू शकतो. बाकीचे जंतू थंडीत झोपतात, हा तळघराच्या थंडीतही वाढत राहतो. माशाला असतं तेवढं मीठही त्याला मारत नाही. शिजवलं की मरतो. आणि राकफिस्क तर शिजवतच नाहीत."

"आम्ही सगळे खात आलोय."

"तुम्हाला काही होणारही नाही बहुतेक. पोटुशीचं वेगळं असतं."

"काय होतं तिला?"

"तिला स्वतःला फारसं नाही. ताप येतो, थंडी वाजते, पाठ दुखते. फ्लू झालाय असं वाटतं. खाल्ल्यावर कधीकधी बऱ्याच दिवसांनी येतो, म्हणून कुणाला माशाची आठवणही होत नाही. ताप उतरतो, आणि मग पोटातलं हलायचं थांबतं."

योरुनने पोटावर हात ठेवला. मी माझ्या हातमोज्यांकडे बघत राहिले.

ओस्नेला ताप आला होता. दोन्ही वेळा. पहिल्या वेळी मीच तिच्याजवळ होते, काळ्या बेरींचा गरम रस चमच्याने पाजत होते, आणि ती म्हणत होती, पाठ भरून आली गं. दुसऱ्या वेळीही तसंच, नाताळाच्या सुटीनंतर. गावात फ्लूची साथ असेल असं आम्ही धरून चाललो. आणि हाल्वर ऑक्टोबरात जन्मलेला. बादली नोव्हेंबरात उघडते. तो पोटात मोठा होत होता त्या महिन्यांत आमच्या घरी बादली रिकामी होती. अख्खा हिवाळा खाल्ला म्हणे. गुडब्रांडच्या मनात कुठला तरी दुसराच हिवाळा होता.

योरुन कोट घालत होती तेवढ्यात मी दारात सुईणबाईंना हळूच विचारलं, "फार जुनी गोष्ट असेल, तर आता काही कळू शकतं का?"

"किती जुनी?"

"तुमच्या जन्माआधीची."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही कळत. त्या वेळी तपासलं नसेल तर आता कुणीच सांगू शकत नाही. असेलही, नसेलही."

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, की बोलायचं नाही. गुडब्रांडला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. बायको गेली, गुरं विकली, गुडघे गेले. उरली होती ती बादली. योरुन खाणार नाही म्हणते आहे, मग झालं की. मेलेल्यांना उकरून काय मिळवायचं? पण रात्रंदिवस ओस्नेचे ते कॅन माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून मी तो कणकेवर काढला. त्या महिन्यात माझे पाव फार हलके झाले.

गुडब्रांडने मात्र विषय सोडला नाही. तो भांडला असता तर परवडलं असतं. तो गप्प झाला. आमच्याकडची माणसं गप्प झाली की घरात हिवाळा लवकर येतो. योरुन समोर आली की तो उठून बाहेर लाकडं फोडायला जायचा. दुकानात कुणी मासा कसा झालाय विचारलं, तर म्हणायचा, "आमच्या घरात आता उकळलेलं पाणीच तेवढं चालतं." ते गावभर झालं. पाद्रीबाईंनी योरुनला थांबवून म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं गं कधी कधी." त्यांना स्वतःच्या वाट्याची काळजी पडली असावी.

हाल्वरचं इकडे आड तिकडे विहीर. एकदा जिन्यात तो योरुनला म्हणत होता ते मी ऐकलं. "एक तुकडा घे. इतकासा. घेतल्यासारखं कर. किती वर्षं राहिलीयत त्याची?"

"आणि बाळाची किती वर्षं आहेत?" योरुन म्हणाली.

"एका तुकड्यानं काही होत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मला नाही ठाऊक. पण तुलाही कुठे ठाऊक आहे?"

त्यानंतर ती आठवडाभर नीट जेवली नाही. मी केलेली लापशी ताटलीत तशीच थिजून परत यायला लागली. नीट खाण्यासाठी माझ्याकडे आलेली मुलगी, आणि तिच्या घशाखाली घास उतरेना. चेहरा उतरला, डोळ्यांखाली काळं झालं. माशापासून वाचवायचं म्हणून आम्ही तिला उपाशी मारणार, असं मला वाटायला लागलं.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. दुपारीच अंधारून आलं होतं. गुडब्रांडने पांढरा सदरा घातला होता, ओस्नेने विणलेला टेबलक्लॉथ स्वतः अंथरला होता. मी बटाट्याच्या पोळ्या, कांदा, साय, उकडलेले बटाटे असं सगळं मांडलं, आणि योरुनसाठी वाफवलेला कॉड वेगळ्या भांड्यात झाकून ठेवला. गुडब्रांडने त्या भांड्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

त्याने तळघरातून मासा आणला. कबूल करायला हवं, सुंदर झाला होता. फिकट गुलाबी, लोण्यासारखा. सुरी लावली तर आवाज नाही. पोटाकडचा तुकडा त्याने पोळीवर ठेवला, कांदा पेरला, साय घातली, पोळी गुंडाळली आणि टेबलावरून हात लांब करून योरुनच्या ताटात ठेवली.

योरुनने ताट थोडं पुढे सारलं. 

"गुडब्रांड," योरुन म्हणाली, "माझ्या ताटात नको."

"नुसती राहू दे. नाही खाल्लीस तर नाही खाल्लीस." मग तो खाली बसला, हात मांडीवर घेतले आणि अगदी हळू म्हणाला, "मी एवढंच विचारतो. मी आजवर कधी कुणाला वाईट खाऊ घातलंय?"

त्याचा आवाज कापत होता. सत्तरी उलटलेल्या माणसाचा आवाज कापला की समोरच्याचं सगळं शहाणपण वितळतं. योरुनचे डोळे भरून आले. तिने हाल्वरकडे पाहिलं. हाल्वर ताटात बघत होता. मग तिने ती पोळी उचलली. दोन्ही हातांनी उचलली, लहान मुलं उचलतात तशी.

मी उठले आणि तिच्या हातातून ती काढून घेतली.

"बोर्गा," गुडब्रांड म्हणाला, "तू यात पडू नकोस."

"ओस्नेला ताप आला होता," मी म्हणाले. "दोन्ही वेळा. नाताळानंतर. पाठ दुखत होती, थंडी वाजत होती. मी होते तिच्याजवळ."

"मग?"

"मग पोटातलं हलायचं थांबलं. हे याच माशाने होतं गुडब्रांड. सुईणबाईंनी सगळं सांगितलं, ताप कसा येतो, कधी येतो. कॅन उचलल्याने काही झालं नव्हतं. वासरू ओढल्यानेही नाही. हाल्वर वाचला कारण तो बादली उघडायच्या आधी जन्मला."

मी खात्री असल्यासारखं बोलले. खात्री नव्हती. 'असेलही, नसेलही' असं सुईणबाई म्हणाल्या होत्या, ते मी गिळून टाकलं. तसं सांगितलं असतं तर गुडब्रांडने त्यातलं 'नसेलही' तेवढं उचललं असतं आणि पोळी पुन्हा योरुनच्या हातात गेली असती. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तसंच बोलेन.

मला वाटलं होतं तो ओरडेल. टेबल उलथवेल, मला घराबाहेर काढेल. माझी तयारी होती. त्याने यातलं काही केलं नाही. त्या माशाकडे बघत तो म्हणाला, "दुसऱ्या वेळी तिला नको होता."

"काय?"

"ओस्नेला. नको म्हणाली होती ती. वास सहन होत नाही म्हणाली. पहिल्या वेळीही हा खाल्ल्यावर मला बरं नव्हतं, असं काहीतरी म्हणाली." तो थांबला. "मी म्हटलं, बाळासाठी खा. ती तोंड फिरवत होती. मी पोळी केली आणि धरली तिच्या तोंडाशी. हसत होतो आम्ही. मी म्हटलं, आ कर."

हाल्वर म्हणाला, "बाबा."

"तिनं केला," गुडब्रांड म्हणाला.

मग तो उठला. आपलं ताट उचलून त्याने धुवायच्या भांड्यात ठेवलं, सुरी पुसली, खुर्ची आत सारली आणि टोपी न घालताच बाहेर गेला. खिडकीतून तो लाकडाच्या शेडमध्ये जाताना दिसला. लाकडं फोडल्याचा आवाज मात्र आला नाही.

"काय गरज होती आत्या?" हाल्वर माझ्यावर उसळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मी चढलेला ऐकला. "काय गरज होती त्याला हे सांगायची? तो काय आता सुखानं मरणार आहे?"

"तू तोंड उघडलं असतंस तर मला उघडायची गरज पडली नसती," मी म्हटलं. त्यावर तो जो बसला तो उठला नाही.

योरुन नळाखाली हात धूत होती. साबण लावत होती, धूत होती, पुन्हा साबण लावत होती. मी नळ बंद केला, तिला बसवलं आणि कॉडचं भांडं उघडलं. ती रडत रडत जेवली. सगळं संपवलं तिने, बटाट्यासकट.

बादली तळघरातच राहिली. गुडब्रांड तिच्याकडे फिरकला नाही, कुणाला द्या असंही म्हणाला नाही, टाका असंही नाही. पाद्रीबाई आल्या आणि कॉफी पिऊन गेल्या. वसंतात वास जिन्यापर्यंत चढायला लागला तेव्हा हाल्वरने आणि मी ती रानाच्या कडेला पुरली. पुढच्या ऑगस्टात गुडब्रांड तळ्यावर गेला नाही. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतो. जाळी अजून शेडच्या भिंतीवर टांगलेली आहे.

त्या दिवसानंतर माझ्याशी तो बोलला नाही असं झालं नाही. बोलतो. हवा कशी आहे ते बोलतो, दिवे कधी गेले ते बोलतो. ओस्नेचं नाव मात्र त्याने पुन्हा फक्त एकदाच घेतलं.

जानेवारीच्या शेवटी योरुनला मुलगी झाली. जिवंत, गुलाबी, आणि आवाज असा की इस्पितळाच्या दारातून ऐकू यावा. योरुनला तिचं नाव ओस्ने ठेवायचं होतं. आमच्याकडे आजीचं नाव ठेवतात. गुडब्रांड म्हणाला, "नको. ओस्नेला राहू दे आता." म्हणून तिरिल ठेवलं.

सुईणबाईंना मी पुढे एकदा भेटले. तुमची ती जुनी गोष्ट घरच्या माणसांना सांगितलीत का, असं त्यांनी विचारलं. सांगितली म्हटलं. कसं घेतलं त्यांनी, म्हणाल्या.  बाळ छान आहे, वजन चांगलं आहे, असं काहीतरी बोलून मी बसकडे निघाले.

गुडब्रांडचा तिरिलवर जीव आहे. घसरगाडी त्याने तिच्यासाठी केली, बर्फात ओढतो तोच. बूट तोच बांधतो. ती पडली तर माझ्या आधी त्याचे दुखरे गुडघे पोचतात. कुणाला काही वेगळं दिसणार नाही. मलाही दिसायला बरेच दिवस लागले. योरुनला अजून दिसलेलं नाही, आणि मी दाखवणार नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी योरुन आणि हाल्वर गवत कापायला गेले होते. मी वॉफल केले, वर लाल बेरींचा मुरांबा घातला, आणि ताट अंगणातल्या बाकावर बसलेल्या आजोबा-नातीला देऊन पुढचं पीठ कालवायला माझ्या घरी परत आले. खिडकीतून ती दोघं दिसत होती. तिरिल आता अडीच वर्षांची आहे, तिला सध्या सगळ्यांना भरवायचं असतं. बाहुलीला, मांजराला, मला. तिने वॉफलचा तुकडा तोडला आणि म्हणाली, "आजोबा, आ कर."

त्याने आ केला. मुरांबा त्याच्या हनुवटीवरून ओघळला. ती खिदळली, आणखी एक तुकडा भरवला, मग आणखी एक. तोही हसत होता.

"आता मला," ती म्हणाली, आणि डोळे मिटून तोंड उघडून उभी राहिली.

गुडब्रांडचं हसू थांबलं. त्याने ताटाकडे पाहिलं. त्याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, वॉफलपर्यंत गेला, आणि परत गुडघ्यावर आला. पोर तशीच उभी. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"बोर्गा," त्याने अंगणापलीकडून हाक मारली. "जरा ये गं. पोरीला भूक लागलीय."

ताट त्याच्या मांडीवरच होतं. मी हात पुसले आणि गेले.